गेटवरून उचललेली मावशी

माझ्या हातून एक गोष्ट घडलीये, ती मी ऑफिसात आजवर कोणाला सांगितलेली नाही. तुम्ही आपली माणसं म्हणून सांगतोय. फक्त एक करा, मी बोलत असताना मेघाकडे बघू नका. ही गोष्ट निघाली की माझी बायको आधीच हसायला लागते आणि मग माझा धीर सुटतो.

मला प्लॅनिंगचा आजार आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. नुसतं भायंदरहून बोरिवलीला जायचं असलं तरी मी आदल्या रात्री कागद घेऊन बसतो. त्यात मागच्या हिवाळ्यात मेघाची कुंदामावशी रत्नागिरीहून मीरा रोडला आली, पूनम सागर सोसायटीत तिच्या मुलाकडे. आल्या आल्या तिने फोनवर सांगितलं, "मला दुसरं काही नको. मला राणीच्या बागेतली वाघीण दाखवा."

झालं. माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरे असतं. मी घरात मीटिंग घेतली. मेव्हणा मिलिंद, त्याची बायको, मुलं, सासूबाई, सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि कामं वाटली. पाणी कोणाकडे, पोळीभाजी कोणाकडे, सासूबाईंची गोळी कोणाकडे. शिवाय आदल्या शनिवारी हाफ डे टाकून मी एकटा राणीच्या बागेत जाऊन आलो. सावली कुठे आहे, बाकं कुठे आहेत, संडास कुठे आहेत, सगळं पाहून आलो.

मेघा म्हणाली, "लोक प्राणी बघायला जातात. तुम्ही संडास बघून आलात."

मी म्हटलं, "वाघीण पण बघितली." खरंच बघितली होती. पिंजऱ्यासमोर एक माहितगार माणूस भेटला होता, त्याने मला वाघिणीचं खाणंपिणं, स्वभाव, घरची परिस्थिती सगळं समजावून सांगितलं. खरं-खोटं तोच जाणे, पण मी मन लावून ऐकलं. म्हटलं, मावशीला सांगायला उपयोगी पडेल.

रविवारचा प्लॅन असा होता. मिलिंदच्या मोठ्या गाडीतून सगळे भायंदरहून थेट निघणार. मी माझ्या गाडीतून पूनम सागरला जाऊन कुंदामावशीला घेणार. साडेसातला ती गेटवर उभी राहणार.

आता इथे माझी पहिली चूक. मेघाने आदल्या रात्री विचारलं, "मावशीचा फोटो पाठवून ठेवू का? तुम्ही तिला लग्नात बघितलंय, त्याला सोळा वर्षं झाली."

मी म्हटलं, "अगं, मावशीला ओळखायला मला फोटो लागतो?"

"बरं. मग एक लक्षात ठेवा. ती मानपानाला फार जपते. आधी वाकून नमस्कार करायचा, मग बोलायचं."

दुसरी चूक, मी साडेसातच्या ऐवजी सात-दहालाच पोचलो. वेळेआधी पोचण्याचा मला फार अभिमान आहे. म्हणजे होता.

गेटवर एक म्हातारी उभी. नीट चोपून नेसलेली जरीकाठाची साडी, केसात अबोलीचा गजरा, हातात कापडी पिशवी, नाकाशी लिंबू धरलेलं. सत्तरीच्या घरातली. मी मनात म्हटलं, वा, मावशीसुद्धा वेळेआधी. आपल्याच पठडीतली दिसते. गाडी थांबवली, उतरलो, भर गेटवर वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "चला मावशी."

तिने मला आपादमस्तक पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. "पांढरीच हाय," ती स्वतःशीच म्हणाली. "तूच न्यायला आलास व्हय? आन बाकीची?"

"बाकीचे सगळे दुसऱ्या गाडीने पुढे निघालेत."

"बरं," म्हणाली आणि मागे बसली.

तुम्ही म्हणाल, अहो, रत्नागिरीची बाई 'हाय' आणि 'आन' कशी बोलेल? ते मला आज कळतंय. तेव्हा वाटलं, कोकणातलं गाव, असेल तिकडची बोली.

काशीमिऱ्याच्या आधीच तिने डोळे मिटून घेतले. म्हणाली, "गाडीत डोलं उघडं ठेवलं का माज्या पोटात ढवलतं. मी अशीच बसते. तू आपला चालव."

मी तिला खिशातली लिमलेटची गोळी दिली. ती तिने तोंडात टाकली. दहिसर ओलांडलं आणि तिच्या पिशवीत फोन वाजायला लागला. एकदा वाजला, दोनदा वाजला, थांबेचना.

"उचलू नको का?" तिने डोळे न उघडता विचारलं.

मी म्हटलं, "राहू द्या मावशी, मळमळेल तुम्हाला. द्या इकडे, मी बंद करून ठेवतो." आणि सिग्नलला मागे हात करून मी तिचा फोन घेतला, माझ्या या हाताने बंद केला आणि पुढच्या सीटवर ठेवून दिला. हे लक्षात ठेवा. पुढे मला या फोनबद्दल फार लोकांना उत्तरं द्यावी लागली.

फोनची कटकट गेल्यावर मावशी बोलायला लागली.

"मना सांग, तू सोता बघून आलास ना तिला?"

मी खूश झालो. वाघिणीचा विषय तिनेच काढला. "हो तर. मागच्या शनिवारी मुद्दाम जाऊन बघून आलो."

"कशी हाय?"

"देखणी आहे. चाल तर अशी की माणसाने बघत राहावं."

"रंगान?"

"पिवळसर."

मावशीने लिंबाचा मोठा वास घेतला. "पिवली? म्हंजे काय आजार-बिजार?"

"छे हो. सोन्यासारखा रंग. उन्हात आली की झळाळते."

"आन सभावान?"

"तशी शांत आहे. पण कोणी फार जवळ गेलं की गुरगुरते."

मावशी काळजीच्या आवाजात म्हणाली, "सासूवर गुरगुरली तं कसा करायचा?"

आमच्या सासूबाई बरोबर येणार होत्या. मला वाटलं, मावशी आपल्या बहिणीची थट्टा करतेय. मी मोकळेपणाने हसलो. म्हटलं, "सासूबाईंना मी लांबच उभं करणार आहे."

"जल्लां," मावशी म्हणाली. "आन खायला-प्यायला?"

"रोज पाच-सहा किलो मटण तरी लागतं."

"येकटीला?"

"एकटीला. आठवड्यातून एक दिवस मात्र काही देत नाहीत. उपास."

"उपास करते ना, मंग देवाधर्माची असंल," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता. माझी गाडी तोवर गोरेगावच्या पुढे आली होती. रस्ता मोकळा, ऊन कोवळं, मागे मावशी माझ्या ज्ञानावर प्रश्नामागून प्रश्न विचारतेय. इतकं मन लावून माझं बोलणं घरात कोणी ऐकत नाही. मी रंगात आलो.

"आन घरान कोन कोन हाय तिच्या?"

"एक जोडीदार आहे. पण त्याला वेगळा ठेवलाय."

मागून लिंबाचा आणखी एक मोठा श्वास ऐकू आला.

"म्हणजे आधी एकत्रच ठेवलं होतं दोघांना," मी सांगत राहिलो. "पण पटेना. एकदा तर त्याच्या कानाचा लचका तोडला तिने. मग वेगळं केलं."

"गारी थांबव," मावशी म्हणाली.

मला वाटलं, उलटी होतेय. मी इंडिकेटर दिला. अंधेरीचा पूल उतरून गाडी कडेला घेत होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. मेघा. माझा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला असतो, त्यामुळे पुढचं सगळं मावशीनेही ऐकलं.

"अहो, तुम्ही आहात कुठे? मावशी साडेसातपासून गेटवर उभी आहे."

"अगं, मावशी माझ्या गाडीत आहे."

"काहीतरी काय? आत्ता बोलले मी तिच्याशी. आणि ऐका, लवकर पोचा तिथे. तिथे भयंकर प्रकार झालाय. सकाळी कोणीतरी एका म्हातारीला गेटवरून गाडीत घालून पळवून नेलंय. पांढरी गाडी होती म्हणे. तिची मुलगी रडतेय, मावशी तिला पाणी पाजतेय. वॉचमन सांगतोय, तो माणूस आधी तिच्या पाया पडला."

मी आरशात बघितलं. मागच्या सीटवरच्या बाईचे डोळे पूर्ण उघडले होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

खरं सांगतो, स्टिअरिंग धरलंय की सोडलंय, तेसुद्धा कळत नव्हतं. गाडी कशीबशी कडेला उभी केली. मेघा पलीकडून "हॅलो, हॅलो" करतेय आणि मी मागे वळून त्या बाईला विचारतोय, "तुम्ही... तुम्ही कुंदामावशी ना?"

"कोन कुंदा?" ती म्हणाली. "मी पारूबाय. तारोडीची. आन तू कोन?"

काय सांगणार होतो मी? मी विमा कंपनीत आहे, हे सांगितलं. ते कशाला सांगितलं, देव जाणे.

मग तिने जे सांगितलं ते असं. तिच्या नातवासाठी नायगावला मुलगी बघायला जायचं होतं, दहा वाजता. रात्री ती पूनम सागरला मुलीकडे मुक्कामाला होती. सकाळी भायंदरजवळच्या तारोडी गावाहून मुलगा आणि नातू पांढरी गाडी घेऊन येणार आणि तिला गेटवरून घेणार. नव्या साडीत घरात बसवेना म्हणून ती लवकर खाली येऊन उभी राहिली. मी आलो, पाया पडलो. तिला वाटलं, मध्यस्थाने माणूस पाठवला असेल. वागायला बरा दिसतोय.

नायगाव उत्तरेला, विरारच्या वाटेवर. मी तिला घेऊन दक्षिणेला अंधेरीपर्यंत आलो होतो.

"म्हंजे ती पिवली..." पारूबाय सावकाश म्हणाली, "पोर न्हाय?"

"वाघीण आहे," मी म्हटलं. "राणीच्या बागेतली."

तिने पदर तोंडाला लावला. रडतेय की हसतेय, मला कळेना, आणि विचारायची हिंमत नव्हती.

मी तिचा फोन चालू केला. सत्तावीस मिस्ड कॉलचे मेसेज. हातात असतानाच अठ्ठाविसावा कॉल आला. स्क्रीनवर नाव, जगदीश. तिचा मुलगा. मी उचलला आणि माझ्या तोंडून जे पहिलं वाक्य गेलं ते असं, "हे बघा, घाबरू नका, तुमची आई माझ्या ताब्यात आहे."

मला म्हणायचं होतं, माझ्याजवळ आहे. पण घाबरलेल्या माणसाची जीभ कुठे ऐकते?

जगदीश अगदी हळू आवाजात म्हणाला, "काय पायजे तुला?"

"मला काही नको हो."

"आयेला हात नको लावू. बोल, काय पायजे?"

पारूबायने हात पुढे करून फोन काढून घेतला. "जगदीश, मी बरी हाय. अंदेरीला हाय. ह्यो मना वाघीण दावायला चाललावता."

आता मला फक्त तिचं बोलणं ऐकू येत होतं. पण समोरून काय विचारलं जात असेल ते समजत होतं.

"वाघीण रे, वाघीण... न्हाय, डोका ठिकान्यावर हाय माजा... न्हाय, काय नाय खाल्ला. यक गोली दिली त्यान... आता कसली म्हंजे? गोल होती. पिवली."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

"लिमलेटची," मी ओरडून सांगितलं. "जगदीशभाऊ, लिमलेटची होती."

शेवटी मी फोन घेऊन त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. कुंदामावशी, वाघीण, साडेसात, सात-दहा. तो ऐकत होता, पण त्याला पटत नव्हतं आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. शेवटी मेघाने कुंदामावशीला फोन करून सांगितलं, कुंदामावशीने तिथे गेटवर जगदीशला सांगितलं, तेव्हा त्याचा आवाज जरा खाली आला. आता तुम्हीच विचार करा. तिथे उभी राहून कुंदामावशी अर्धा तास त्या बाईच्या मुलीला धीर देत होती. "काय एकेक नराधम असतात," असंही म्हणाली होती. आणि मग तिला कळलं, तो नराधम आपल्याच भाचीचा नवरा आहे आणि तो निघाला होता तिलाच न्यायला.

जगदीश म्हणाला, "पोलीस चौकीत जायला गाडी काढली होती आमी. आता येक काम करा. आयेला थेट नायगावला आना. पोरीवाल्यांना आमी थांबवून धरतो."

मी गाडी वळवली. पण रविवारी सकाळी अर्धी मुंबई विरारकडच्या रिसॉर्टना निघालेली असते, हे माझ्या कुठल्याही कागदावर नव्हतं. काशीमिऱ्याच्या पुढे, वर्सोव्याच्या खाडीपुलाच्या आधी गाड्यांची ही रांग. पारूबायने पुन्हा डोळे मिटले, लिंबू नाकाशी धरलं. मी दर दहा मिनिटांनी "सॉरी मावशी" म्हणत होतो. चौथ्या वेळी ती म्हणाली, "मना मावशी बोलू नको आता. तुजी मावशी गेटवर उभी हाय."

दहाचा कार्यक्रम, आम्ही पोचलो पावणेअकराला. बिल्डिंगखाली जगदीश उभा. चांगला दणकट माणूस, दर्यावर कमावलेले दंड. त्याने आधी आईला उतरवलं, तिला वरपासून खालपर्यंत तपासलं आणि मग माझ्याकडे वळला. मी मनाची तयारी केली. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "तुमी वर चला. उशीर का झाला ते तुमीच सांगा त्यांना."

म्हणजे बघा, माझ्या घरचे तिकडे राणीच्या बागेत, आणि मी इकडे नायगावला अनोळखी माणसांच्या हॉलमध्ये, अनोळखी मुलगी बघायला, खुर्चीवर. मुलीचे वडील मला विचारतायत, आपण मुलाचे कोण? मी म्हटलं, "मी कोणीच नाही." मग त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही.

मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. सडसडीत, सावळी, जरा भेदरलेली. उशिरामुळे मुलीकडचे रागावलेले, जगदीशकडचे ओशाळलेले, नातू बिचारा घामाने भिजलेला. आपल्या मूर्खपणापायी एका मुलाचं लग्न मोडणार, हे मला समोर दिसत होतं.

पारूबायने मुलीला जवळ बसवलं. तिचा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "पिवली तं न्हाय." मग विचारलं, "पोरी, खरा सांग. रोज मटान किती लागतं तुला?"

मुलगी गोंधळली. "आजी, मी फक्त रविवारी खाते."

"आन कोनाच्या कानाचा लचका तोडलास का कवा?"

मुलीची आई उठून उभी राहिली. मग पारूबायने पदर सावरला आणि गेटपासून अंधेरीपर्यंतची सगळी हकीकत सांगितली. मी काय म्हणालो, ती काय समजली, एकेक शब्द. मी सासूबाईंना लांब उभं करणार होतो, तेसुद्धा. सगळ्या खोलीने माझ्याकडे बघून बघून ऐकलं. आधी मुलीचा भाऊ हसला, मग वडील, आणि ती मुलगी तर इतकी हसली की तिला पारूबायच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

पारूबाय तिच्याकडे बघत होती. जगदीशला म्हणाली, "हसते तं मोकली. मना पसंत हाय."

नातवाने मान खाली घालून "मला पण" म्हटलं आणि पोह्यांच्या बशा आल्या. मला दोनदा आग्रह झाला. मी दोन्ही वेळा घेतले.

कुंदामावशी त्या दिवशी राणीच्या बागेत गेली नाही. मेघाने फोनवर खूप विनवलं, पण ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या गाडीत बसण्यापेक्षा मी पिंजऱ्यात बसेन." बाकीचे सगळे जाऊन आले. संध्याकाळी मी घरी पोचलो तर मुलं खुशीत होती. आजवरच्या सगळ्या ट्रिपांत हीच बेस्ट झाली म्हणाली, कारण कोणी घाई केली नाही आणि आइस्क्रीम दोनदा खाता आलं.

मला वाटलं, चला, निभावलं. लग्न जमलं, पोलीस आले नाहीत, कोणाचं काही वाईट झालं नाही. मी शांत झोपलो.

सोमवारी लंच टाइमला कऱ्हाडहून आईचा फोन. ती तिकडे एकटी असते, भजनी मंडळात रमलेली असते, दुपारी कधी फोन करत नाही.

"विनू, ठीक आहेस ना रे?"

"हो, का?"

"आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आलाय. तुमच्या मीरा रोडचा. गेटवरच्या कॅमेऱ्यातला आहे. एक माणूस म्हाताऱ्या बायकांना हेरतो. आधी पाया पडतो, मग गाडीत घालून नेतो. खाली लिहिलंय, सर्व ज्येष्ठ महिलांनी सावध राहावे."

माझ्या हातातला पोळीचा तुकडा डब्यात पडला. "आई, तोंड दिसतंय का त्याचं?"

"नाही ना. पाठच आहे नुसती. पण काय सांगू तुला, मागून अगदी तुझ्यासारखा दिसतो. वाकतो पण तुझ्यासारखाच, कमरेला हात लावून. मी तर बघून दचकलेच. तू आपला सांभाळून राहा, आणि मेघाच्या आईलाही एकटीला खाली सोडू नका."

मी म्हटलं, "हो आई, सांभाळून राहतो."

आई मोठा सुस्कारा सोडून म्हणाली, "कोणाच्या पोटी जन्माला येतात रे मेली अशी माणसं?"